डोंगरातल्या वायनरीला परवाना देण्याआधी वणव्याचा हिशेब

८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या नापा काउंटीत अ‍ॅटलस पीकच्या डोंगरावर आग लागली. तिथल्या सोडा कॅन्यन रोडच्या वरच्या टोकाला राहणाऱ्यांना खाली उतरायला तो एकच रस्ता. खाली तो सिल्व्हराडो ट्रेल या हमरस्त्याला मिळतो, वर मात्र पुढे कुठेच जात नाही. त्या रात्री तो बंद पडला आणि डोंगरावर अडकलेल्या चाळीसेक लोकांना हायवे पेट्रोलच्या हेलिकॉप्टरनी भर वाऱ्यात उचलून आणावं लागलं. अ‍ॅटलस आगीत सहा माणसं गेली आणि ५१,००० एकरांहून जास्त रान जळालं. याच रस्त्यावरची वर्षाला एक लाख गॅलन क्षमतेची एक नवी वायनरी त्याच वर्षी, आगीच्या आधी, मंजूर झाली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि आगीनंतरचा पुरावा बघून फेरविचार करा म्हणून काउंटीकडे परत आलं.

अशा अर्जाची फाइल उघडली की पानंच्या पानं इमारतीवर खर्ची पडलेली दिसतात. छप्पर कुठल्या वर्गाचं, स्प्रिंकलर किती, भिंतीचा थर कसला. ते लागतंच, पण तपासणीची सुरुवात तिथून करू नका. आधी रस्ता, मग त्या रस्त्यावर येणारी माणसं, मग ठिणगी कुठून पडू शकते ते, मग पाणी, आणि इमारत सगळ्यांत शेवटी. वायनरीचा परवाना म्हणजे वणव्याच्या रानात दररोज नवी माणसं आणण्याची परवानगी. ती माणसं वाईटात वाईट तासाला खाली उतरू शकतील का, आणि त्यांच्यामुळे आधीपासून राहणाऱ्यांची वाट अडेल का, हे ठरल्याशिवाय बाकीच्या तपासणीला अर्थ नाही.

खालची मापं कॅलिफोर्नियाची आहेत, त्यातही नापाच्या डोंगराळ भागातल्या यूज परमिटला, म्हणजे जागेच्या वापराच्या परवान्याला, धरून. काउंटीच्या नियोजन खात्यात काम करणारे, अर्जदाराचे सल्लागार आणि सुनावणीला हरकत नोंदवणारे शेजारी, तिघांनाही हाच क्रम चालेल.

नकाशा काय सांगतो, काय नाही

राज्याचं अग्निशमन खातं, म्हणजे कॅल फायर, धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे काढतं. मध्यम, जास्त आणि अति जास्त अशा तीन पायऱ्या. ज्या ग्रामीण भागात आग विझवण्याची जबाबदारी राज्याची आहे, तिथले सुधारित नकाशे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. अर्जाला जुना नकाशा जोडलेला असेल तर तो तिथेच परत करा.

नकाशातला रंग सांगतो तो रानाचा स्वभाव: झाडोरा, उतार, वारा, ठिणग्या उडण्याची शक्यता. तिथे किती माणसं आहेत, रस्ता किती रुंद आहे, पाणी आहे का, यातलं काहीच त्या रंगात नसतं. म्हणून "आमची जागा मध्यम पट्ट्यात आहे" हे अर्जदाराचं वाक्य अर्धंच उत्तर आहे. जागा मध्यम पट्ट्यात आणि तिथून बाहेर पडण्याचा रस्ता चार मैल अति जास्त पट्ट्यातून, असं नापात सर्रास असतं. जागेपासून हमरस्त्यापर्यंतची अख्खी वाट नकाशावर आखा आणि कुठला तुकडा कुठल्या रंगातून जातो ते मैलांमध्ये लिहा.

मग तीन गोष्टी बघा. पहिली, उतार. चढाला आग झपाट्याने वर जाते. ढोबळ नियम असा की उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. वायनरी माथ्यावर आणि खाली झुडपांनी भरलेली घळ, ही सगळ्यांत वाईट जागा. दुर्दैवाने देखावाही तिथलाच सुंदर असतो, त्यामुळे टेस्टिंग रूम, म्हणजे पाहुण्यांनी वाइन चाखायची जागा, नेमकी तिथेच काढलेली असते. दुसरी, वारा. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून कोरडे डायब्लो वारे येतात. जागेच्या ईशान्येला काय आहे, द्राक्षमळा की शॅपरालचं झुडपी रान, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. तिसरी, आगींचा इतिहास. १९६४ ची हॅनली आग कॅलिस्टोगाकडून सांता रोझाकडे ज्या वाटेने गेली, जवळपास त्याच वाटेने २०१७ ची टब्ज आग गेली. मधल्या त्रेपन्न वर्षांत त्या वाटेवर घरं वाढली होती. टब्जमध्ये २२ माणसं गेली आणि ५,६०० हून जास्त इमारती जळाल्या.

"इथलं रान २०२० च्या ग्लास आगीत जळून गेलंय, आता जळायला काही उरलं नाही" असा युक्तिवाद ऐकू येतो. तो मान्य करू नका. गवत पुढच्याच पावसाळ्यानंतर उगवतं, झुडूप काही वर्षांत पुन्हा माणसाच्या उंचीचं होतं. आणि यूज परमिट जमिनीसोबत चालतं. मालक बदलला तरी ते राहतं. कायमच्या परवान्याचा हिशेब काही वर्षांच्या मोकळ्या रानावर करता येत नाही.

रस्ता: टेप घेऊन मोजा

राज्याच्या किमान अग्निसुरक्षा नियमांतली ही मापं हाताशी ठेवा. नव्या रस्त्याला १० फुटी दोन लेन, म्हणजे २० फूट. चढ १६ टक्क्यांपर्यंत. वळणाची आतली त्रिज्या किमान ५० फूट. पृष्ठभाग ७५,००० पौंडांचं, म्हणजे सुमारे ३४ टनांचं वाहन पेलणारा. फाटक लेनपेक्षा २ फूट जास्त रुंद आणि कमीत कमी १४ फूट, रस्त्यापासून ३० फूट आत, म्हणजे फाटक उघडेपर्यंत बंब रस्ता अडवून उभा राहत नाही. समोरच्याला वाट देण्यासाठीची साइडिंगची जागा १२ फूट रुंद, ३० फूट लांब, दोन्ही टोकांना २५ फुटांचा निमुळता भाग.

पुढे बंद होणाऱ्या रस्त्याला लांबीची मर्यादा आहे आणि ती भूखंडांच्या झोनिंगवर, म्हणजे त्या भागात केवढे भूखंड ठरवून दिलेत त्यावर, ठरते. एक एकराहून लहान भूखंडांचा झोन असेल तर ८०० फूट, १ ते ४.९९ एकर असेल तर १,३२० फूट, ५ ते १९.९९ एकर असेल तर २,६४० फूट, आणि २० एकर व त्याहून मोठा असेल तर ५,२८० फूट, म्हणजे एक मैल. मोजताना चूक होते ती इथे: अर्जदार फक्त आपल्या फाट्याची लांबी मोजतो. नियमाप्रमाणे त्या बंद रस्त्याला फुटणारे सगळे बंद फाटे धरून एकूण लांबी मोजायची असते, आणि वाट वेगवेगळ्या झोनमधून जात असेल तर सगळ्यांत कमी मर्यादा लागू होते.

दुसरी नेहमीची फसगत अशी. अर्जदार आपल्या फाटकापासून आतली वाट छान २० फुटी करतो, डांबर घालतो, नकाशावर हिरवी खूण करतो. फाटकाबाहेरचा सहा मैलांचा काउंटी रस्ता मात्र जुनाच राहतो. जुन्या रस्त्याला ही मापं कायद्याने लावायची की नाही हा वकिलांचा विषय आहे. सुटकेच्या हिशेबात तो रस्ता जसा आहे तसाच धरावा लागतो, कारण माणसं त्याच रस्त्याने उतरणार.

म्हणून टेप घेऊन जा. दर काही शे फुटांवर मोजा आणि सगळ्यांत अरुंद दहा जागा टिपून घ्या. समजा एका मोरीवर, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला ओकचा बुंधा, अशी १७ फूट रुंदी मिळाली. बंबाला आरशांसकट सुमारे १० फूट लागतात, समोरून येणाऱ्या एसयूव्हीला आरशांसकट ७. बेरीज १७. दिवसा, धूर नसताना, दोघांनी सावकाश घेतलं तर एकमेकांचे आरसे घासत जातील. रात्री धुरात दोघं समोरासमोर थांबतील आणि मागे रांग लागेल. अहवालात "रस्ता सरासरी १९ फूट" असं लिहिलं की ही मोरी दिसेनाशी होते. सरासरी कधीच मान्य करू नका; अरुंद जागांची यादी मागा, फोटोसकट. प्रत्येक ठिकाणी वर बघा. झाडांच्या फांद्या साडेतेरा फुटांच्या खाली आहेत का? वाऱ्यात पडतील अशी वाळकी झाडं किती? वीज वाहिनी रस्ता कुठे ओलांडते? वाट बंद पाडायला आग तिथपर्यंत यावीच लागते असं नाही. एक झाड किंवा एक तार पुरते.

मापं पाळता येत नसतील तर अर्जदार सवलत मागू शकतो, पण पर्यायाचा "प्रत्यक्ष परिणाम तोच" असला पाहिजे. हा शब्दप्रयोग गांभीर्याने घ्या. २० फुटांऐवजी १४ फूट रुंदी आणि एकमेकांना दिसणाऱ्या अंतरावर साइडिंग, याने बंब आणि मोटार एकमेकांना पार करू शकत असतील तर परिणाम तोच. पण इमारतीत जादा स्प्रिंकलर बसवल्याने रस्त्यावरची कोंडी सुटत नाही. एका गोष्टीची उणीव दुसऱ्या जातीच्या गोष्टीने भरून काढलेली दिसली की सवलत नाकारा.

माणसांचा हिशेब: वाईटात वाईट तास

नापात द्राक्षांची तोडणी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. डायब्लो वारे, पर्यटकांची गर्दी, हंगामी मजूर आणि रात्रीची तोडणी हे सगळं एकाच वेळी जुळून येतं. म्हणून हिशेब वर्षाच्या सरासरी दिवसाचा करू नका. ऑक्टोबरमधल्या शनिवारच्या संध्याकाळचा करा.

नापाच्या वायनरी अर्जात वाहतुकीसाठी दर गाडीमागे माणसं धरतात ती अशी: आठवड्याच्या दिवशी २.६, शनिवार-रविवारी २.८. तेच आकडे इथे वापरा.

समजा अर्जात रोज ८० पाहुणे, १० कायम कर्मचारी, हंगामात ८ जादा, आणि वर्षातून काही वेळा १५० पाहुण्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम मागितला आहे. कार्यक्रमाच्या वेळी पाहुण्यांच्या गाड्या १५० भागिले २.८, म्हणजे ५४. कर्मचाऱ्यांच्या १८. केटरिंगच्या ४. एकूण ७६. त्याच रस्त्यावर १२० घरं आहेत, घरटी दोन गाड्या धरल्या तर २४०. आणखी तीन वायनऱ्या आहेत. त्यांच्याकडे आज किती लोक येतात ते विचारू नका, त्यांच्या परवान्यात जास्तीत जास्त किती मंजूर आहेत ते काढा. समजा तिघींच्या मिळून १८० गाड्या. आता बेरीज ४९६.

खाली उतरायला एक लेन. मोकळ्या रस्त्याची पुस्तकी क्षमता इथे लावू नका. रात्र, धूर, वळणं, घाबरलेले चालक आणि समोरून वर चढणारे बंब. तासाला ३०० गाड्या उतरतील असं धरलं तर सगळे उतरायला सुमारे १ तास ३९ मिनिटं लागतात. नवी वायनरी वगळली तर ४२० गाड्या, १ तास २४ मिनिटं. म्हणजे प्रकल्पाने १५ मिनिटं वाढवली. ही ३०० ची संख्या गृहीत धरलेली आहे, म्हणून २०० आणि ४०० घेऊनही तेच गणित करा आणि तिन्ही उत्तरं अहवालात ठेवा.

आता दुसरी बाजू: हातात वेळ किती? टब्ज आग कॅलिस्टोगाजवळ रात्री पावणेदहाच्या सुमाराला लागली आणि पहाटे दोनच्या आसपास सांता रोझाच्या वस्तीत घुसली होती. बारा मैलांचं अंतर, म्हणजे ताशी तीनेक मैल. आग जागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला तीन मैलांवर लागली तर एक तास मिळतो. त्यातून आग कळायला, हुकूम निघायला आणि लोकांपर्यंत पोचायला अर्धा तास गेला तर उरला अर्धाच. म्हणजे या रस्त्यावर आजच माणसं वेळेत उतरत नाहीत.

इथे अर्जदाराचा सल्लागार म्हणेल, रस्ता आधीच अपुरा आहे, आमच्या १५ मिनिटांनी काय फरक पडतो? हे उलटं आहे. ज्या रस्त्यावर आजच माणसं मागे राहतात, तिथे प्रत्येक जादा गाडी कुणाला तरी मागे ठेवते. आधीपासून राहणाऱ्यांवर काय परिणाम होईल, हे पर्यावरण तपासणीत बघावंच लागतं. शेजारच्या लेक काउंटीत ग्वेनॉक व्हॅलीच्या मोठ्या प्रकल्पाची मंजुरी जानेवारी २०२२ मध्ये कोर्टात याच कारणाने रद्द झाली होती: नव्या माणसांमुळे जुन्या रहिवाशांच्या सुटकेचं काय होईल हे अहवालात नीट तपासलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी वणव्याच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सुटकेचा आराखडा मंजुरीनंतर देऊ, आणि इमारत संहितेप्रमाणे आहे म्हणून धोका नाही, ही दोन्ही उत्तरं त्या सूचनांनुसार पुरेशी नाहीत.

गाड्यांऐवजी बस वापरू, असा तोडगा बऱ्याचदा येतो, आणि तो चांगलाही असू शकतो: ५४ गाड्यांच्या जागी तीन-चार बस. पण एक गोष्ट विचारा. पाहुण्यांना सोडून बस खाली परत जाणार की कार्यक्रम संपेपर्यंत चालकासह वरच थांबणार? सोडून गेली तर १५० माणसं डोंगरावर विनावाहन अडकली, आणि त्यांना आणायला बस आगीच्या दिशेने, उतरणाऱ्या रांगेच्या विरुद्ध चढवावी लागेल. बस चालकासह वर थांबण्याची अट घाला, आणि तिला वळायला पुरेल एवढी मोकळी जागा आराखड्यात दाखवायला लावा.

ठिणगी कुठून पडेल

कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण तपासणीच्या फॉर्ममध्ये २०१८ च्या शेवटी वणव्यासाठी वेगळा भाग आला. त्यात चार प्रश्न आहेत: सुटकेच्या आराखड्यात अडथळा येतो का, उतार आणि वाऱ्यामुळे आगीचा धोका वाढतो का, रस्ते, वीजवाहिन्या, जाळरेषा (आग अडवायला झाडोरा काढून मोकळे केलेले पट्टे) अशा सोयींमुळे धोका किंवा इतर हानी होते का, आणि आगीनंतर उघड्या पडलेल्या उतारावरून दरड किंवा पूर येऊन माणसं धोक्यात येतात का.

कळीचा शब्द "वाढतो". राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं की आजूबाजूच्या परिस्थितीचा प्रकल्पावर होणारा परिणाम ही सर्वसाधारणपणे या तपासणीची बाब नाही. प्रकल्प त्या परिस्थितीत भर घालतो का, हे तपासायचं. त्यामुळे "जागा धोक्याची आहे" एवढं लिहून भागत नाही. वायनरीमुळे आग लागण्याची शक्यता कशी वाढते ते वस्तू आणि जागा सांगून लिहा. ग्वेनॉकच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयालाही अहवालात हीच उणीव दिसली.

ही यादी बनवायला जागेवर फिरा. पार्किंग कुठे आहे? वाळलेल्या गवतावर गाड्या लावल्या की तापलेला सायलेन्सर गवताला टेकतो; कार्यक्रमाचं जादा पार्किंग नेहमी अशाच मोकळ्या रानात दाखवलेलं असतं. तिथे खडी टाकायला लावा. गवत कोण, केव्हा कापतं? पातं दगडावर आपटून ठिणगी पडते, म्हणून कोरड्या दिवसांत सकाळी दहाच्या आत आणि वारा नसताना कापायचं. वेल्डिंग, जनरेटर, बार्बेक्यू, मळ्यातली हीटर, हे सगळं टिपा. आणि वीज. टब्ज आगीचं कारण एका खासगी जागेतली विजेची यंत्रणा होतं, असं कॅल फायरने २०१९ मध्ये जाहीर केलं. मीटरपासून पंपापर्यंत, विहिरीपर्यंत, फाटकापर्यंत मालकाने स्वतः टाकलेल्या हवेतल्या तारा असतील तर त्या जमिनीखाली घालण्याची अट मंजुरीत हवी. ती नंतर घालून घेणं अवघड असतं.

जाळरेषा आणि रस्ता रुंदीकरण कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात ओक तोडावे लागतात, ओढ्याजवळ जावं लागतं. नापात ओढ्यापासून उताराप्रमाणे ३५ ते १५० फूट अंतर राखायचं असतं आणि झाडांच्या छत्राचा ठरावीक हिस्सा टिकवायचा असतो. मोकळा पट्टा एका नकाशावर आणि झाडं दुसऱ्या नकाशावर असतील तर दोन्ही एकाच कागदावर काढून मागा. बहुतेक वेळा एकाच जागी झाड राखायचंही असतं आणि तोडायचंही, हे तेव्हाच कळतं.

पाणी

आगीसाठीचा साठा म्हणजे दर मिनिटाचा प्रवाह गुणिले मिनिटं. मिनिटाला १,००० गॅलन दोन तास हवं असेल तर १,२०,००० गॅलन, म्हणजे साडेचार लाख लिटर. बागायतीची आणि वाइन बनवण्याची टाकी तीच असेल तर आगीचा साठा खाली राखीव ठेवा: बागायतीचा पाइप टाकीच्या तळाला न जोडता राखीव पातळीच्या वर जोडायला लावा. मग कुणी विसरलं तरी पाणी उरतं.

यापेक्षा मोठी चूक पंपाची. वाऱ्याच्या दिवसांत आग लागू नये म्हणून वीज कंपनी आधीच वीज बंद करते. म्हणजे ज्या दिवशी पाणी लागणार, नेमका त्याच दिवशी विजेवरचा पंप बंद. टाकी उंचावर ठेवून पाणी उताराने आणा, नाहीतर डिझेलचा पंप लावा आणि त्याच्या टाकीत किती तासांचं इंधन आहे ते अटीत लिहा. बंबाच्या नळीला जुळणारा जोड हवा, आणि तो इमारतीला चिकटून नको. इमारत पेटल्यावर तिच्याजवळ उभं राहून पाणी घेता येत नाही.

इमारत, गुहा, मळा

इमारतीबद्दल नियम तपशीलवार आहेत, म्हणून थोडक्यात. भिंतीपासून पहिल्या ५ फुटांत जळणारं काही नको: लाकडी ढलप्यांचं आच्छादन नको, भिंतीला टेकलेली पिंपं नकोत, झुडूप नको. १०० फुटांपर्यंत झाडोरा विरळ. बहुतेक इमारती ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्याने आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून छताखालची झरोक्यांची जाळी हात लावून बघा. पाव इंच भोकांची जुनी जाळी निखारा आत सोडते. सोळांश ते अष्टमांश इंच हवी.

नापातल्या अनेक वायनऱ्यांना डोंगरात खोदलेल्या गुहा असतात आणि "आग आली तर लोक गुहेत थांबतील" असं अर्जात लिहिलेलं असतं. हे सुटकेच्या जागी मान्य करू नका. इमारत संहितेत गुहांचे तीन प्रकार आहेत: लोकांना प्रवेश नसलेली, फक्त मार्गदर्शकासोबत फिरवण्याची, आणि लोकांना मोकळेपणाने वापरता येणारी. पहिल्या प्रकाराची परवानगी असलेल्या गुहेत दीडशे पाहुणे बसवण्याचा आराखडाच बेकायदा आहे. तिसऱ्या प्रकाराची असली तरी हवा खेळवणारे पंखे विजेवर असतात, आणि धूर आत आला की बाहेर निघत नाही. शेवटचा उपाय म्हणून नोंद ठेवा, हिशेबात धरू नका.

द्राक्षमळा आगीला अडवतो हे बऱ्याच अंशी खरं आहे. २०१७ मध्ये अनेक ठिकाणी आग मळ्याच्या कडेला येऊन मंदावली. कडेच्या ओळींचे खांब आणि ठिबकच्या नळ्या तेवढ्या जळाल्या. पण ओळींमधलं गवत गुडघ्याएवढं वाळलेलं असेल तर तोच मळा आग पुढे नेतो. मळ्याला जाळरेषा म्हणून गुण द्यायचे असतील तर अट घाला: १ जूनपासून पाऊस पडेपर्यंत ओळींमधलं गवत ४ इंचांच्या आत.

अट अशी लिहा की तपासता येईल

"अर्जदाराने आगीबाबत योग्य ती काळजी घ्यावी." ही अट नव्हे. हीच अट अशी लिहा: "राष्ट्रीय हवामान सेवेने या भागासाठी वणव्याला पोषक हवेचा, म्हणजे रेड फ्लॅग, इशारा दिला असेल त्या दिवशी कोणताही कार्यक्रम होणार नाही आणि टेस्टिंग बंद राहील. इशारा सकाळी ८ वाजता तपासण्याची जबाबदारी व्यवस्थापकाची. नोंदवहीत वेळ आणि सही. पाहुण्यांशी केलेल्या प्रत्येक करारात या कारणाने कार्यक्रम रद्द होईल हे लिहिलेलं असेल." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लग्नाचे पैसे परत द्यावे लागतील या भीतीने मालक वारा सुटलेला असूनही कार्यक्रम रेटतो. करारात आधीच लिहिलं असेल तर तो दबाव राहत नाही.

मजुरांना विसरू नका. नापातले बरेच शेतमजूर स्पॅनिश बोलतात, रात्री दिव्यांच्या उजेडात मळ्यात असतात, आणि २०१७ मध्ये मोबाइलचे मनोरे बंद पडले होते. फोनवरच्या इशाऱ्यावर विसंबू नका: हाताने फिरवायचा भोंगा, दोन भाषांतले फलक आणि जमण्याची ठरलेली जागा हवी. वर्षातून एकदा, तोडणी सुरू होण्याआधी, प्रत्यक्ष सराव.

अटींनीही हिशेब जुळत नसेल तर माणसं कमी करा. वाइन तयार करण्याची क्षमता तीच ठेवून पाहुणे ८० वरून २० वर आणता येतात, संध्याकाळचे कार्यक्रम पूर्ण काढता येतात, सप्टेंबर ते नोव्हेंबर कार्यक्रम बंद ठेवता येतात. पाहुण्यांशिवाय धंदा चालणार नाही असं अर्जदार म्हणाला, आणि रस्ता पाहुणे पेलत नाही असं गणित म्हणालं, तर नकार लिहा आणि गणित जोडा.

नाशिककडे बघताना

दिंडोरी आणि गंगापूर धरणाच्या आसपासच्या वायनऱ्यांना यातलं काय लागू पडतं? हंगामाचा मेळ तसाच बसतो. तिथे तोडणी जानेवारी ते मार्च, वन विभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी नेमकी या दोन्हींच्या सांध्यावर. सह्याद्रीतला वणवा बहुधा गवताचा; कॅलिफोर्नियातल्या रानाएवढी धग त्याला नसते, पण डोंगरउतारावरचं कोरडं गवत झपाट्याने पेटत येतं. फाइलीत तीन कागद जोडले तरी बराच फरक पडेल: सगळ्यांत अरुंद दहा जागांच्या फोटोंसह रस्त्याचं मोजमाप, कार्यक्रमाच्या दिवशीच्या गाड्यांची बेरीज, आणि डोंगराकडच्या हद्दीला वन विभागाच्या जाळरेषेशी जुळवून काढलेली स्वतःची जाळरेषा, जानेवारीअखेर साफ केलेली.

आणि कुठल्याही काउंटीची किंवा तालुक्याची फाइल असो, मंजुरीच्या शेवटच्या पानावर हिशेबात धरलेले आकडे तारखेसह लिहा: घरं किती, इतर वायनऱ्यांच्या मंजूर गाड्या किती, अरुंद जागा कुठल्या, तासाला किती गाड्या उतरतील असं धरलं. याच रस्त्यावरचा पुढचा अर्ज आला की तपासणाऱ्याला बेरीज तिथून पुढे करता येईल.